मुंबईहून आणलेलं दुखणं

रिसोडच्या बाजारात जिनदासशेठचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या मागे घर, आणि त्या घरात पानाबाईचं राज्य. पानाबाई मनानं वाईट नव्हती, पण तिला एकदा कुणाचा हेवा वाटायला लागला की तो लवकर विझत नसे. जाऊ प्रेमाबाईला लग्नात मिळालेल्या जरीच्या पातळावर ती इतकी जळली, की पातळ विटून त्याची गोधडी झाली तरी या बाईचं जळणं चालूच. पण अठ्ठ्याहत्तर साली तिनं ज्याचा हेवा केला, ते गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ती जळत होती गोजरा माळणीच्या छातीवर.

हसू येत असेल तर आधी पुढचं ऐका.

त्याच्या दोन वर्षं आधी पानाबाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मुंबई दाखवली. मुंबईला डावी बाजू सगळी कापून काढली, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि जीव वाचला. जीव वाचल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण जिनदासशेठ पडले कापडवाले. ताग्यात कुठं एक तुकडा कमी असला की त्यांना झोप येत नसे. बायको सारखी पदर ओढून बसते हे त्यांना पाहवेना. त्यांनी चौकशी केली, मुंबईतच एक सर्जन गाठला, आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा घेऊन गेले. परदेशातून आलेली सिलिकॉनची एक पिशवी असते, आत घट्ट खळीसारखा पदार्थ भरलेला, ती छातीच्या कातडीखाली बसवतात, असं कळलं. डॉक्टरांनी नमुन्याची पिशवी टेबलावर ठेवली. जिनदासशेठनं ती दाबून पाहिली, उलटी केली, पुन्हा दाबली. "लय मुलायम आहे, साहेब," म्हणाले. माल त्यांना पसंत पडला. पानाबाईच्या हातात ती पिशवी कुणी दिली नाही.

आधीच्या कापाकापीत कातडी कमी पडलेली. लहान खोळीत मोठी उशी कोंबावी तशी ती पिशवी आत गेली. कितीतरी दिवस पानाबाईला पूर्ण श्वास घेता येईना. टाके निघाले, ताण राहिला. घरी आल्यावर दोन-चार महिने कसेतरी गेले आणि मग ते आतल्या आत आवळायला लागलं. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं, की शरीर परक्या वस्तूभोवती आपलं एक कवच बांधतं, काही बायकांमध्ये ते आवळत जातं, रोज हातानं दाबून चोळा, आणि फारच त्रास झाला तर काढून टाकू. हे सांगितलं तेव्हा जिनदासशेठ खाली औषधं आणायला गेले होते. आले तेव्हा पानाबाई म्हणाली, "चांगलं हाय म्हंते डॉक्टर."

चांगलं कसलं! दाबायला गेलं की डोळ्यांत पाणी, म्हणून चोळणं सुटलं. पाहता पाहता त्याचं कवठ झालं. गोल, टणक, आणि गळ्याच्या हाडाकडे वर वर सरकणारं. वरच्या कातडीला स्पर्श कळत नव्हता आणि आत मात्र दोरी ओढल्यासारखं होई. थंडीत अंघोळ झाली की बाकीचं अंग ऊन व्हायचं, तेवढी जागा तासभर गार. फळीवरचा डबा काढायला डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्या कुशीवर झोपणं तर संपलंच.

मग बोलायचं नव्हतं का? इथंच तर पानाबाईची गंमत आहे. मुंबईहून आल्यापासून बायका तिला पाहायला येत. चहा पिता पिता कडेनं नजर टाकत. प्रेमाबाईनं तर एकदा तोंडावर म्हटलं, "काई समजतसुदा नाई वो बाई, नशीब लागते." आयुष्यभर दुसऱ्याचा हेवा केलेल्या बाईला पहिल्यांदा कुणी हेव्यानं पाहत होतं. दुखतं म्हटलं असतं तर ते सुख हातचं गेलं असतं. म्हणून पानाबाई दुखणं गिळून हसत बसे.

हेवा केला नाही तो एकट्या गोजरानं.

गोजराचा मळा रिठदच्या रस्त्याला. भाजीची टोपली घेऊन ती या जैनांच्या गल्लीत येई. कुणाच्या घरी कांदा-बटाटा चालत नाही, चौमासात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, पालेभाजीला कोण हात लावत नाही, हे तिला घरच्या बायकांपेक्षा पक्कं पाठ. तिचीही डावी बाजू आधीच कापलेली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. पानाबाई मुंबईहून आली त्या दिवशी गोजरानं ओट्यावर टोपली उतरवली, तिच्याकडे पाहिलं, आणि सरळ विचारलं, "दुखते का वो, शेठाणी?"

"काहून दुखन?" पानाबाई फणकारली. "मुंबईचं काम हाय."

गोजरा "बरं" म्हणाली आणि भेंड्या मोजायला लागली. हा राग पानाबाईच्या मनात बसला. आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की नागपुराहून सपाट होऊन आलेली ही बाई आता दोन्हीकडून भरलेली दिसते. वाकली की डावं उजव्यासारखंच खाली येतं, चालली की हलतं. टोपली उचलायला दोन्ही हात सरळ डोक्यावर जातात. म्हणजे नागपूरला हिलाही पिशवी बसवली? आणि ती एवढी मऊ? आपल्याला मुंबईला नेऊन दगड दिला आणि या माळणीला असली वस्तू? विचारावं तर आपलं बिंग फुटतं. म्हणून विचारलं नाही, आणि रोज भाजी घेताना भाजीकडे न पाहता दुसरीकडेच पाहत राहिली.

श्रावणात पानाबाईची मुलगी ललिता शेलूबाजारहून बाळंतपणाला आली आणि तिला मुलगा झाला. मग तर आगीत तेल पडलं.

पोर रडकं होतं. पानाबाईनं उचललं, सवयीनं डाव्या खांद्याशी धरलं, की ते कळवळून उठे. गाल त्या कवठावर आपटे आणि त्याहून जास्त कळ पानाबाईला येई. उजवीकडे घ्यावं तर त्याचं डोकं धरायला डावा हात वर जाईना. एकदा ते असंच आकांत करत होतं, तेवढ्यात गोजरा आली. टोपली ठेवून, हात धुऊन तिनं पोराला घेतलं आणि डाव्या छातीवर टेकवलं. पोरानं डोकं इकडंतिकडं घुसळलं, एक खळगा करून घेतला आणि झोपी गेलं.

"आई, पाह्य न!" ललिता कौतुकानं म्हणाली. "गोजरामावशीपाशी कसं गुपचूप झोपलं!"

पानाबाईला वाटलं, या माळणीला टोपलीसकट गल्लीबाहेर काढावं. तिचा नातू, तिच्या घरात, आणि झोपणार कुणाच्या अंगावर! दुसऱ्या दिवसापासून तिनं भाजीत खोड काढायला सुरुवात केली. दोडकी जून आहेत, भेंडी किडकी आहे. गोजरा निमूट बदलून देई आणि जाताना ललिता तिच्याकडे पोर देई, ते झोपे. दिवाळीच्या आत ललिता सासरी जाणार होती. त्याआधी एकदा, फक्त एकदा हे पोर आपल्या छातीवर झोपावं, एवढं एकच वेड पानाबाईनं घेतलं होतं. तिनं दात खाऊन चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा पोर रडलं आणि ती मोरीत जाऊन रडली.

दसरा झाला. दुसऱ्या सकाळी गोजरा ओट्याशी आली आणि पानाबाई पाहतच राहिली. डावी बाजू सपाट! पदर सरळ खाली पडलेला. पानाबाईला झालेला आनंद सांगायला लाज वाटते. बिघडलं असणार, काढावं लागलं असणार. तिनं गोजराला कधी नव्हे ते आत बोलावलं, चहा केला, साखर जास्त घातली.

"काढून टाकलं वाटते?" आवाजात जमेल तेवढी माया आणून तिनं विचारलं.

"व्हय, कालच काढलं."

"लय दुखत होतं का?"

"दुखन कायले?" गोजरा बशी खाली ठेवत म्हणाली. "दसरा आला न. पेरलं."

"पेरलं? काय पेरलं?"

"मेथी, शेठाणी!"

मग सगळा उलगडा झाला. गोजराला कुणी काही बसवलं नव्हतं. चोळीला आतून तिनं दुहेरी कापडाची पिशवी शिवली होती आणि त्यात मेथीचं निवडक बी ठेवलं होतं. घरात ठेवलं तर उंदीर खात, किडा लागे. इथं हात घालायची कुणाची छाती होती? बी अंगासारखं ऊन राही, वाकलं की सरके, वजनानं चोळी जागेवर बसे. गोजरा सांगत होती, तुमचा चौमास कार्तिकात सुटतो, मग सारी गल्ली मेथीवर तुटून पडते, म्हणून त्याच्या महिनाभर आधी पेरायचं. मेथी झाली, काही झाडं बियाला सोडली, की पिशवी पुन्हा भरायची. तोवर सपाट. "कोन पाह्यते मले?" ती म्हणाली.

पोर का झोपत होतं तेही पानाबाईला कळलं. बियांची उशी, आणि वर मेथीचा वास. ललिता दोन महिने मेथीचेच लाडू खात होती, तोच वास तिच्या दुधाला.

पानाबाई हसायला लागली. इतके दिवस आपण मूठभर मेथीवर जळलो! हसता हसता डाव्या बाजूला अशी कळ आली की ती छाती धरून खाली बसली. गोजरानं पुढं होऊन हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अवो माय! हे तं कवठ झालं! दुखते न?"

"दुखते," पानाबाई म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा. "लय दुखते, गोजरा. अन् तो पोट्टा तुह्यापाशी झोपते, माह्यापाशी नाई. तुह्यं तोंड पाह्यलं तरी जीव जळते माहा."

गोजराला राग आला नाही. ती म्हणाली, "म्हून भेंडी किडकी निघत होती व्हय!"

दुसऱ्या दिवशी तिनं भाजीखालून एक पिशवी काढली, जुन्या धोतराच्या मऊ कापडाची. पानाबाईनं हात पुढं केला आणि मागे घेतला. बियात जीव असतो. चौमासात कच्च्या बियाला हात लावायचा नाही असा तिचा नेम होता.

"मले का मालूम नाई?" गोजरा म्हणाली. "कापूस हाय घरचा. एकेक सरकी वेचून काढली. एक बी नाई आतमधी."

पानाबाईनं ती पिशवी त्या दगडावर ठेवली, वरून पदर बांधला आणि भिंतीला टेकून बसली. ललितानं पोर दिलं. त्यानं डोकं घुसळलं, कुरकुर केली, एकदा रडणार असं तोंड केलं. मग ते झोपलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून जिनदासशेठ दुकानातून आले, तेव्हाही ती तशीच बसलेली होती. डावी बाजू उजवीच्या दुप्पट झालेली. कापडवाल्याची नजर बरोबर तिथंच गेली.

"हे काय बांधलं वरतून? आतमधी चांगलं मुंबईचं आहे न?"

"आतलं दुखते," पानाबाई हळूच म्हणाली. पोर उठू नये म्हणून.

"कवापासून?"

"बसवलं तवापासून. गोटा झाला त्याचा. डॉक्टर म्हने, काढता येते."

जिनदासशेठ पाटावर बसले ते ताटाला हात न लावताच. "दिवाळी झाली की जाऊ मुंबईले," ते म्हणाले. "काढून टाकू." मग त्यांनी त्या कापसाच्या पिशवीकडे पाहिलं. "हे कोनं दिलं?"

"गोजरानं. तिले मालूम आहे."

"भाजीवालीले मालूम," जिनदासशेठ म्हणाले, "अन् मले नाई?"

पानाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा ती चांगला ओळखत होती. गोजरा पोराला घेऊन बसली की पानाबाईचा स्वतःचाही तसाच व्हायचा.

"तिनं इचारलं होतं," ती म्हणाली.