ओळख पटली

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं दोन वांगी जास्त टाकली तर लोक खूश होतात, मी काटा बघते. नवरा म्हणतो, तुला देवानं प्रसाद दिला तरी तू आधी त्याचा वास घेशील. घेईनच. फुकट मिळालेल्या वस्तूचा वास घ्यावा, आणि माझा उद्योग पाहिला तर ही सवय काही वाईट नाही.

उद्योग असा, की जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका वेगळ्याच फोनसाठी निरोपांचं ॲप बनवते. पोटापाण्याची नोकरी निराळी, हे फावल्या वेळचं. हा फोन ज्या प्रणालीवर चालतो तिचा सगळा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्त करावी. आता निरोप कुलूपबंद करून पोचवणारी एक सेवा आहे. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही, अगदी ती सेवा चालवणाऱ्यांनाही, ते निरोप वाचता येत नाहीत. पण त्यांनी आमच्या फोनसाठी ॲप काढलं नाही. मूठभर लोकांसाठी कोण काढणार? म्हणून आम्ही काही जणांनी ते आपलं आपण लिहिलं. यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. त्यांनी पाठवलेली कोडची ओळन् ओळ मी डोळ्यांत तेल घालून वाचते. जो फार गोड बोलतो त्याची जरा जास्तच.

या सेवेत बोलणाऱ्या दोन माणसांचा मिळून एक लांबलचक आकडा असतो. दोघांच्या फोनवर तोच दिसतो. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं ताडून बघायचा आणि जुळला की बटण दाबायचं. मराठी भाषांतर माझ्याकडे होतं. त्या बटणावर मी लिहिलं, 'ओळख पटली'. समोरच्यानं फोन बदलला की आकडा बदलतो. दोघांच्या मध्ये तिसरं कुणी येऊन बसलं तरीही बदलतो. तसं झालं की माझ्या ॲपमध्ये वर तांबडी पट्टी येते, 'समोर तीच व्यक्ती आहे ना, खात्री करा.' खाली जुना आकडा, त्याखाली नवा.

त्या तांबड्या पट्टीवरून माझं आणि एका दूरदेशीच्या सहकाऱ्याचं वाजलं होतं. त्याचं म्हणणं, बहुतेक वेळा माणसानं नुसता नवा फोन घेतलेला असतो, उगाच लोकांना घाबरवू नये, बारीक अक्षरात एक ओळ पुरे. मी लिहिलं, बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. पट्टी तांबडीच राहिली. तेव्हापासून हा माणूस पट्टी काढायला एवढा का उतावीळ आहे, म्हणून मी त्याचा जुना कोडही पुन्हा वाचून काढला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नसेलच असं नाही.

माझी आई जेऊरला असते, दादा-वहिनीजवळ. चौथी शिकलेली. तिला मी एक साधासा स्मार्टफोन घेऊन दिला, त्यात त्या सेवेचं मूळ ॲप टाकलं आणि बजावलं, "हे आपल्या दोघींचंच. वहिनीच्या हातात द्यायचं नाही. दुसऱ्या कुणी वाचलं तर मी लिहिणारच नाही, सांगून ठेवते."

"बरं बाई," आई म्हणाली.

आई बोलते तशीच लिहायची. 'बरी हाय', 'पाऊस न्हाय', 'जेवलीस का'. मी मात्र तिला पानंच्या पानं लिहायची आणि त्यातलं निम्मं वहिनीबद्दल असायचं. दिवाळीला वहिनी धड बोलली नाही. तिच्या भाकरी जाड असतात, तू चावतेस तरी कशा. कुलूप पक्कं असलं की माणसाची जीभ सुटते.

ॲपची नवी आवृत्ती बाहेर काढायच्या आधी मी जेऊरला जाऊन आईकडून आकडा वाचून घ्यायची. ती माझी चाचणी. आईच्या फोनवरचा आकडा माझ्या ॲपमधल्या आकड्याशी जुळला म्हणजे आमचा हिशेब बरोबर आहे. आई फोन हातात धरून पाढे म्हटल्यासारखी खणखणीत सुरू करायची, "सत्तर नऊ एकेचाळीस, शून्य आठ तेवीस पाच..." मी माझ्या स्क्रीनवर बोट फिरवत जायची. एकदाही चुकली नाही. दरवेळी चाचणी पास.

आणि एका सकाळी चहा गाळताना बघते तर आईच्या नावावर तांबडी पट्टी.

पहिला संशय स्वतःवर. नोकरीचं काम बाजूला ठेवून मी आमचा कोड उलटापालटा केला. चूक नव्हती. मग आईचा निरोप वाचला. लिहिलं होतं, 'मी बरी आहे. काळजी करू नये.'

आहे! माझ्या आईनं जन्मात कधी 'आहे' म्हटलेलं नाही. आणि 'करू नये'? ही काय तहसीलदाराची नोटीस आहे? मागचे निरोप चाळले. गेल्या काही आठवड्यांत 'हाय' कुठे दिसतच नव्हतं. सगळीकडे 'आहे', 'नाही', 'होते', पूर्णविरामासकट. मीच पट्टीसाठी भांडणारी, आणि पट्टी येईपर्यंत मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फोन लावला. उचलला वहिनीनं. आईला द्या म्हटलं तर थोडं थांबून आईचा आवाज आला, "बरी हाय की गं. कशाला उगं जिवाला घोर लावून घेती?" मागून वहिनी काहीतरी पुटपुटली. लगेच आई म्हणाली, "ठिवते आता."

कुठेतरी पाणी मुरत होतं. नणंदेला भावजयीवर संशय घ्यायला कारण लागत नाही असं म्हणतील कुणी, पण माझ्याकडे कारण होतं. आईच्या नावानं दुसरंच कुणी लिहीत होतं, माझं सगळं वाचत होतं, आणि आई खरंच कशी आहे हे मला कळू दिलं जात नव्हतं. मला भीती वाटली. रागही आला, पण भीती जास्त.

न कळवता गाडीनं जेऊरला गेले. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, "कोन हाय?"

"मी आहे."

"आगं बया!" तिचा चेहरा उजळला. पण बोलताना ती माझ्याकडे नीट बघेना. प्रत्येक प्रश्नाला आधी दाराकडे मान वळवायची. दारात वहिनी उभी होती आणि तिच्या हातात एक कोरा फोन होता. पोलिसाला चोर सापडावा तसं मला झालं.

"जुना फोन आत्याबाईंच्या हातनं पडून फुटला, वन्सं," मी विचारायच्या आधीच वहिनी म्हणाली. "ह्यांनी नवा आनला."

विचारायच्या आधी मिळालेल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला, आकड्याचं पान उघडलं आणि आईच्या हातात दिला.

"आई, वाच."

"आत्ता? पानी तर पी."

"आधी वाच."

आईनं फोन नेहमीसारखा समोर धरला. घसा साफ केला. "सत्तर नऊ एकेचाळीस, शून्य आठ तेवीस पाच..."

माझ्या स्क्रीनवर नवा आकडा छत्तीसनं सुरू होत होता. जुळत नव्हता. सापडलं! मध्ये कुणीतरी बसलंय! मग माझं बोट वरच्या ओळीवर गेलं. आई म्हणत होती तो सगळा आकडा तिथं होता, जसाच्या तसा. तो जुना होता. नव्या फोनमध्ये तो असणं शक्यच नव्हतं.

मी मान वर केली. आईच्या हातातला फोन केव्हाच विझला होता. काळ्या काचेकडे बघत आई वाचतच होती.

इतकी वर्षं चाचणी घेताना मी माझ्या स्क्रीनकडे बघत आले होते, आईकडे नाही.

"आई," मी म्हटलं, "तुला दिसत नाही?"

ती थांबली. फोन मांडीवर ठेवला, तोही चाचपडत.

"मोतीबिंदू हाय, वन्सं," वहिनी म्हणाली. "पिकलाय. डाक्टर म्हनले आपरेशन करून दिसंल. मी तुमाला कळवनारच हुते, पर आत्याबाईंनी सोताच्या गळ्याची शपथ घातली."

"का पण?" मी आईवर ओरडले. "मला का नाही सांगितलं?"

आई लसणाची सालं गोळा करायला लागली. "तूच म्हनली हुतीस न्हवं, दुसऱ्या कुनी वाचलं तर मी लिवनारच न्हाय. मग मला दिसंना झालंय, ही वाचून दावती, हे तुला कसं सांगू? तू लिवायचं बंद केलं असतंस की."

रडू यायला लागलं ते मी दाबलं नाही. थोड्या वेळानं वहिनीला विचारलं, "सगळं वाचून दाखवलंत?"

"व्हय. जे लिवलं हुतं ते."

"भाकरीचंही?"

"त्ये बी." वहिनीच्या ओठांवर हसू आलं. "आत्याबाई म्हनल्या, खरंच की, जाड असत्यात. तवापासनं पातळ थापते."

"आणि ते 'आहे', 'नाही'?"

"तुमी शिकल्याल्या. म्हनलं, आपन बी नीट लिवावं."

लाजेनं मान खाली गेली ती वर काढवेना. निरोप आईचा, अक्षर वहिनीचं. आणि ज्या तिसऱ्या माणसाला मी शोधत आले होते, तिनं मी केलेली तिचीच निंदा मोठ्यानं वाचली होती. एक शब्द गाळला नव्हता.

ऑपरेशन सोलापूरला करायचं, माझ्याकडे, असं तिथल्या तिथे ठरलं. चहा झाला. मी पिशवी उचलली तर आईनं हात पुढे करून हवेतच मला थांबवलं.

"बस जरा. नवं आकडं काय हायती? मला सांगा. पाठ करते."

वहिनी फोन घेऊन तिच्याजवळ बसली. एक एक तुकडा ती सावकाश वाचायची, आई मागोमाग म्हणायची, आणि मी माझ्या फोनवर बोट पुढे सरकवत जायची. मध्ये एकदा आई अडखळली, वहिनीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा सांगितलं. शेवटचा तुकडा झाला. मी 'ओळख पटली' दाबलं आणि तांबडी पट्टी गेली.

"जुळलं का?" आईनं विचारलं.

"जुळलं."

"मग आता लिवशील न्हवं?"