कोरडा डाग

घोड्यावरून खोगीर उतरवलं की चाचा आपला उजवा गाल त्याच्या घामेजल्या पाठीवर टेकवायचे. डोळे मिटून, अगदी उशीवर टेकवावा तसा. पुळणीवर आलेली पाहुणेमंडळी हसायची, फोटो काढायची. चाचा मान वर करायचे तेव्हा मेंदी लावलेल्या दाढीत घोड्याचे चार केस अडकलेले असायचे. मग ते हुकूम सोडल्यासारखे म्हणायचे, "गादी उसव. डावीकडनं."

तुम्हीही आमच्या बाजूच्या पुळणींवर घोडे पाहिले असतील. रंगीत झालरी, आरसे, गोंडे पाहिले असतील. झालरीखालच्या पाठीकडे कोण बघतं? मीही बघत नव्हते. माझं बाजारात ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि माझ्या मते अलिबागपासून रेवसपर्यंत माझ्यासारखी बाही कुणाला बसवता येत नव्हती. बायका कौतुक करायच्या, मी ते सगळं खरं मानायचे. काय तो तोरा! तेव्हाची ती मी आज भेटले, तर मीच तिच्या दुकानात पाऊल टाकणार नाही.

चाचांची चामड्याची टपरी माझ्या दुकानाला लागून होती. एके दिवशी ते खोगिराची फाटलेली गादी घेऊन आले. "टेलरीणबाय, एवढं अस्तर लावून दे. माझी नजर आता आरीच्या टोकापतूर पोचत न्हाय."

मी म्हटलं, "द्या. गादीच तर आहे."

"गादीच तर हाय," चाचांनी माझी नक्कल केली आणि माझ्या स्टुलावर ठाण मांडलं. तिथून ते पुढं कित्येक वर्षं उठले नाहीत.

मुंबईत मोठमोठ्या तबेल्यांत खोगिरं बसवून ते गावी परतले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. "मी घोड्यांचा शिंपी," असं छाती काढून सांगायचे. माझ्या चहात स्वतःची खारी बुडवायचे. स्वतःची संपली की माझी. पण एवढा मोठा घोड्यांचा शिंपी जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता. मी एकदा विचारलं, "भीती वाटते होय चाचा?"

"काय गो, बाजारातला तो रहमान टेलर ब्लाउज शिवतो. घालतो काय?"

मी खारीची बशी त्यांच्यापुढून उचलली.

हळूहळू अस्तर लावता लावता मी लोकर पिंजायला लागले, मेणाचा दोरा ओढायला लागले. आणि दोन गाद्या धड भरल्याबरोबर मला वाटायला लागलं, की आता हेही आपल्याला येतं.

त्याच सुमाराला चाचांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते घरी बसले. आणि नेमका दत्तू आला, बिजली घोडीला घेऊन. दत्तूचं घर त्या एका घोडीवर चालायचं. ती अलीकडे पाठ झटकायची, मागचे पाय उडवायची. "मावशी, जरा बघ ना. नाताळची गर्दी येईल आता."

मी लगेच चाचांच्या थाटात म्हटलं, "पळव तिला."

दत्तूनं तिला पाण्याच्या कडेनं पळवून आणली. खोगीर उतरवलं तर सगळी पाठ घामानं काळीभोर, फक्त मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा कोरडी ठणठणीत. माझ्या ब्लाउजच्या अकलेला काय ठाऊक होतं? काखेत घट्ट झालं की बाई तिथंच घामानं भिजते. म्हणजे ओलं ते घट्ट, कोरडं ते आरामाचं! मी ओल्या जागेची लोकर काढली आणि कोरड्या जागी आणखी ठासून भरली. तिथं तिला इतकं सुख आहे ना, मग घे आणखी थोडं.

रविवारी बिजलीनं एका नव्या नवरदेवाला टोपीसकट ओल्या वाळूत बसवलं. त्याला काही लागलं नाही, बायको तर पोट धरून हसत होती. पण घोडीच्या पाठीवर दोन टेंगळं उठली होती. हात नेला की ती थरथरायची.

दत्तू तिला घेऊन चाचांच्या अंगणात आला. मागून मी, चोरासारखी. "चाचा, हिला विकतोय मी. वरातीचा बँडवाला न्यायला तयार हाय. पोरगं पडलं असतं तर माझा धंदाच बसला असता."

बँडवाल्याकडे घोडी गेली की काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नवरा बदलतो, खोगीर तेच, आणि झालरीखाली बघणारं कुणी नाही.

चाचा पट्टी सांभाळत उठले. टेंगळाला धक्का न लावता त्यांनी बाजूला गाल टेकवला. मग मला म्हणाले, "तू भरलंस?"

"हो."

"कोरड्या जागी?"

"हो. घाम नव्हता ना तिथं."

चाचा इतके हसले की पट्टी घसरली. "अगो बाय, तिथं इतका दाब होता की घामालासुद्धा बाहेर यायला वाट न्हवती! आणि तू वरून आणखी चार मुठी!" मग हसू थांबलं. "दत्तू, पाठ भरून येईपतूर खोगीर चढवू नकोस. नंतर एक फेरी. कोरडा डाग दिसला तर ने बँडवाल्याकडं, मी अडवणार न्हाय."

"बघणार कोण? तुमचा तर डोळा बांधलाय."

"ही बघंल. हिनं बिघडवलंय."

मी ती गादी पूर्ण उसवली. लोकर बोटांनी पिंजली, एकही गाठ राहू दिली नाही. चाचा माझ्या स्टुलावर बसून गादी गालाला लावायचे आणि म्हणायचे, "खडा हाय. काढ." की पुन्हा उसवायचं. मधोमध कण्यासाठी मोकळी वाट ठेवायला त्यांनी शिकवलं. "कण्यावरनं वारा गेला पायजे." ब्लाउजवाल्या बायका कंटाळून दुसरीकडे गेल्या.

फेरीच्या दिवशी दत्तूनं खोगीर उतरवलं तेव्हा मी डोळेच मिटले होते. उघडले तर पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ओली. बिजली शांतपणे शेपटीनं माश्या हाकत होती. चाचांनी गाल टेकवला, बराच वेळ ठेवला. मी शाबासकीसाठी कान टवकारून उभी.

"चहा सांग," ते म्हणाले. बस्स. बिजली दत्तूकडेच राहिली, आणि मी ब्लाउजची पाटी उतरवली.

पुढं चाचा पडले, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. एक दिवस त्यांची सून दुकानात आली. "मावशी, पडून पडून अब्बांची पाठ लागायला लागलीय. नर्सबाई म्हणतात कूस बदलत राहा, पण ते ऐकत न्हायत."

मी जाऊन पाहिलं. माकडहाडावर लाल चट्टा. कातडी अजून शाबूत होती. मी टेप काढली.

"काय गो, माप घेतंस?"

"हलू नका."

तीच लोकर, तशीच पिंजलेली. लाल चट्ट्याच्या जागी खोलगट आणि मधून कण्याला वाट. सुनेनं त्यांना त्यावर निजवलं. चाचांनी अंग हलवून पाहिलं आणि डोळे मिचकावले. "शेवटी घोडा केलास मला."

"घोडा परवडला. तो खारी मागत नाही."

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. सुनेनं त्यांना कुशीवर वळवलं. "आता गाल लाव," चाचा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"गप बसा! सून उभी आहे." नातवंडं असलेली बाई मी, तरी लाजले. हातच टेकवला. चट्टा फिकट होत होता.

"कोरडं हाय काय गो कुठं?"

"नाही चाचा. सगळीकडे सारखं."

ते त्यानंतर एक पावसाळा राहिले. गेले तेव्हा पाठीवर एकही जखम नव्हती, हे सुनेनं मला मुद्दाम येऊन सांगितलं. सोबत ती गादी आणली होती. "हिचं काय करू? टाकून देऊ?"

"लोकर कुणी टाकतं होय?"

मी ती धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा पिंजली. त्याच मोसमात दत्तू बिजलीच्या पोरीला घेऊन आला. तिचं पहिलंच खोगीर. ती लोकर मी तिच्या गादीत भरली.

परवा पुळणीवर पहिली फेरी झाली. दत्तूनं खोगीर उतरवलं. आजूबाजूला कुणी फोटो काढत नाही ना, ते मी पाहिलं, पदर खोचला आणि गाल टेकवला. गरम पाठ, सारखी ओली.

दत्तू अस्वस्थ होऊन विचारत होता, "काय मावशी? कसं हाय? बोल की!"

मी मान वर केली आणि तोंडात गेलेला केस थुंकला.

"चहा सांग," मी म्हटलं. "आणि खारी."