मोडलेली वेणी

वाशीमच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या ताईंचे उपकार आधी सांगते, मग माझं.

मी सातवीत शाळा सोडलेली. रिसोडकडच्या सासरी नवऱ्याशी पटेना, तेव्हा पंच बसले आणि स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली. शिक्का पाहून मला वाटलं, कोर्टाचाच कागद. सही केली. मुलगी त्याच्याकडे राहिली, त्यानं दुसरं लग्न केलं, मी सुरतेला शिलाईच्या कंपनीत लागले. तीन वर्षांनी आधारवर माहेरचं नाव लावायचं म्हणून ताईंकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले आणि तो कागद पुढे केला. त्यांनी मोठ्यानं वाचला. मुलीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"हे वाचलं होतं का तू?"

"नाही."

"बाई माये! अशा कागदानं फारकत होत नाही, अन् मायचा हक्कही जात नाही."

टाइपरायटर झाकून त्यांनी मला हाताला धरून कोर्टातल्या फुकट वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, नवऱ्याचं दुसरं लग्नही कायद्यानं टिकत नाही. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मुलीच्या ताब्याची केस चालू आहे. तोवर महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात, दोन तास भेट. पहिल्या भेटीला मुलीला तीच घेऊन आली, त्याची दुसरी. मुलीची खजुरी वेणी, एक केस इकडचा तिकडे नाही. मला साधी तीन पेडांचीच येते. "ये, मी घालून देते," म्हणत मी ती सोडायला लागले.

"नको ना आई, मम्मीनं घातली!"

मी आई, आणि ती मम्मी. माझे हात थांबेनात. मुलगी रडायला लागली.

ताई जवळच टाइप करता करता ओरडल्या, "काहून मोडून राह्यली वं? दोन तासाची भेट, अन् तू केसाशी भांडून राह्यली! पोरीच्या डोक्शात ऊ नाही, हे पाह्य. कोनीतरी फनी फिरवते ना रोज?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. वेणी अर्धी राहिली आणि वेळ संपला. फाटकाशी त्या मम्मीनं पुन्हा पेड घेतले. मुलगी तिला टेकून शांत उभी. मला ते अजून दिसतं.

निघताना मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी येशील ना? पण वेणी नको सोडू."

कंपनी सुट्टी देईल की नाही, याच धास्तीत माझा महिना जातो. ताई लोखंडी खुर्चीवर गोणपाट टाकून बसतात. कापडाच्या तुकड्यांची जाड गादी त्यांना शिवून नेईन, कधी ना कधी नेईनच. आणि त्या दिवशी मुलीची वेणी मी मोडलेली नसेल.