अण्णांनी मुद्दाम केलेला वाकडा जोड

सुजाताचा फोन आला, "काकी, अण्णा गेलं. झोपेतच गेलं." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "रक्ताचं काही नव्हतं ना?" "न्हाय. हार्ट होतं. रक्त तर मागच्या महिन्यातच चांगलं आलतं." मग मात्र रडू आलं... पण त्याआधी हायसं वाटलं, ते कशाला लपवू?

अण्णा आमच्या कसबा बावड्यातले शेजारी, साखर कारखान्यात वेल्डर. नव्वदचं दशक सरता सरता त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून रिपोर्ट घेऊन आधी माझ्याकडे आले. शहाणपण मिरवायची मला भारी हौस. सांगून टाकलं, "जनुकाचा दोष आहे." जनुकाचा म्हणजे वंशातला, असं त्यांनी धरलं. तेव्हा त्यांच्या सुजाताची सोयरीक हातकणंगल्यात जमली होती, साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा होता. दुसऱ्या दिवशी हा सरळ माणूस तिथं जाऊन सांगून आला, "पावणं, आमच्या रक्तात खोट हाय. पोरगी देऊन तुमास्नी फसवणार न्हाय."

सुजाता दोन दिवस जेवली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांना घेऊन मी हातकणंगले गाठलं आणि मुलाच्या वडिलांसमोर वर्गच घेतला. रक्त तयार करणाऱ्या एखाद्या मूळ पेशीत दोन जनुकं तुटतात आणि त्यांचे तुकडे भलतेच एकमेकांना जुळतात. तसं जुळलेलं जनुक शास्त्रज्ञांनी धडधाकट उंदरांच्या रक्ताच्या मूळ पेशींत घातलं, तर त्यांना हाच आजार झाला. त्यांच्या आईबापांना काही नव्हतं. अण्णांचा जोडही असाच मागाहून, फक्त रक्तात झालेला. तो लेकरांत उतरत नाही.

"म्हंजे भलत्या दोन पायपा जोडल्या गेल्या व्हय?" अण्णा म्हणाले. "जल्मात माझ्या हातनं न्हाय झालं, आन् माझ्याच आत झालं की."

 मुलाचे वडील आत बघून म्हणाले, "च्या टाका गं. साखर जास्त."

पुढं काही वर्षांनी त्या जोडाचं काम थांबवणारी गोळी आली, अण्णांना ती मानवली. नातीला खांद्यावर घेऊन ते गल्लीभर फिरले.

सुजाताच्या लग्नानंतर त्यांनी मला दोन पायपांचे तुकडे वेल्डिंग करून दिले होते, एक जाड, एक बारीक, मुद्दाम वाकडे. "पोरास्नी दावा, बाई. पर आधी काय सांगायचं त्ये इसरू नका."

परवा तो जोड वर्गात टेबलावर ठेवला. जनुक हा शब्द उच्चारायच्या आधी सांगितलं, "हा जोड करणाऱ्या माणसाचा आजार त्याच्या मुलीला झाला नाही."