उपाशी मोहरी

आमच्या गाइडना मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते. ‘मेहनती है, पर अक्ल कम है,’ असं ते माझ्याविषयी माझ्यासमोरच सांगायचे.

माझा विषय मोहरीचा. पानात साखर तयार होते. ती पुरेशी साठली की रोपाला फुलायची वेळ झाल्याचं कळतं. पुरेशी म्हणजे किती, ते मला शोधायचं होतं. फेलोशिप फेब्रुवारीत संपत होती. मुदतवाढ हवी, तर त्याआधी रोपं फुलायलाच हवी होती. नाहीतर दिल्लीतली, मुनिरक्यातली खोली सोडून अकोल्याला परत.

साखर मोजायची तर पान तोडावं लागतं. आठवड्यातून एकदा तोडू, असं मी सुचवलं होतं. गाइड म्हणाले, “रोज़ चाहिए. हर पौधे से.” नोव्हेंबर संपायच्या आतच रोपं खुरटलेली दिसू लागली. जी पानं साखर करतात तीच आम्ही ओरबाडत होतो, मग फुलं कुठून येणार?

खोलीतल्या लातूरच्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मग मेल करून टाक ना यार त्यांना!”

“बिल्कुल नाही. पडू दे तोंडावर.”

काचघराच्या दुसऱ्या टोकाला मी तीन कुंड्या वेगळ्या ठेवल्या आणि त्यांच्या पानाला हात लावला नाही. बाकीच्यांची पानं रोज इमानेइतबारे तोडली, रजिस्टरवर रोज गाइडची सही घेतली. ती उपाशी रोपं पाहून मला चक्क आनंद व्हायचा.

जानेवारीअखेर त्या तीन कुंड्या पिवळ्याधमक फुलल्या. बाकीच्यांना कळीसुद्धा नव्हती. मी गाइडना मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. “ये तुम्हें कब से पता था?”

“नवंबर से, सर.” मी ताठ मानेनं सांगितलं.

“अच्छा. तो दो महीने तुमने अपना ही डेटा ख़राब किया.”

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय! मुदतवाढीचा अर्ज सहीशिवाय परत आला. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

खोली सोडायच्या आठवड्यात कळलं, माझ्या जागी आलेल्या मुलीला त्यांनी आठवड्यातून एकदाच पान तोडायला सांगितलंय.