घड्याळाची चेन की पट्टा

साडीच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही. बघतात ते त्याचे हात. मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात तीस वर्षं गादीवर बसतोय. बायका समोर बसतात, मी घडी सोडतो, पदर पसरतो, कुणाला अंगावर बघायचा असला तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन दाखवतो. नजर साडीवर, आणि साडी माझ्या हातात. त्यामुळं माझ्या मनगटावरचं घड्याळ सैल झालंय, हे माझ्या आधी दुकानाला कळलं.

दिवाळीनंतरची लग्नसराई होती. अक्कलकोटकडच्या मायलेकी आल्या होत्या. आपसात कानडीत बोलत होत्या, माझ्याशी मराठीत. मुलीला इरकल पाहिजे होती. मी पदर खांद्यावर टाकला, हात वर केला, तशी घड्याळाची स्टीलची चेन सरकत सरकत कोपराकडं गेली. हात खाली आणताना चेनच्या दोन कड्यांमध्ये पदराचा रेशमी धागा अडकला आणि चांगला वीतभर ओढला गेला. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "मामा, घड्याळ सैल झालंय का हात बारीक झालाय?"

सगळे हसले. मीपण हसलो. मालकांचा तो प्रश्न मात्र पुढं कित्येक दिवस डोक्यातून गेला नाही.

त्याचं कारण सांगतो. माझे वडील गिरणीत होते. त्यांचंही असंच चेनचं घड्याळ होतं, दिसायला भारी, वजनाला दणकट. एका वर्षी ते घड्याळ त्यांच्या हातावरून खाली-वर व्हायला लागलं. ते दुसऱ्या हातानं मागं ढकलायचे आणि म्हणायचे, उन्हाळा लई हाय औंदा, अंगाचं पाणी पाणी होतंय. सोलापुरात हे कारण कुणालाही पटतं. आम्हालाही पटलं. पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. सहा-सात महिन्यांत ते गेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, नुकतंच लग्न झालेलं. त्या घड्याळाचा हातावर घासण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग मी काय केलं? शहाणा माणूस दवाखान्यात गेला असता. मी घड्याळवाल्याकडं गेलो.

दुकानामागच्या बोळात एका चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, काचेचं कपाट म्हणा. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारक्या हातोडीनं पिन ठोकून बाहेर काढली, एक कडी काढली, चेन परत जोडली आणि माझ्या मनगटावर लॉक लावलं. घट्ट बसली. अगदी नवी घेतली तेव्हा बसायची तशी. मी हात झटकून बघितला, जागची हलली नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जणू हातच परत जाड झाला. चाचांनी काढलेली कडी कागदाच्या पुडीत बांधून दिली. म्हणाले, "जपून ठेवा मालक. परत तब्येत झाली की लागंल." मला त्यांचा तो आशीर्वादच वाटला.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी दुसरी कडी काढली. तेव्हा मी स्वतःच बोलत राहिलो. म्हटलं, रात्रीचं जेवण कमी केलंय, चालायला लागलोय, वजन उतरवतोय. कुणी विचारलं नव्हतं. चाचांनी नुसती मान हलवली.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी घड्याळ काचेवर ठेवलं आणि भिंग काढून माझ्याकडं बघितलं.

"मालक, शुगर तपासली का?"

मी भडकलो. मला राग यायला वेळ लागत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, "तुम्ही घड्याळं दुरुस्त करता का माणसं?"

ते चिडले नाहीत. चेन हातात घेऊन शांतपणे समजावलं. आता एका बाजूनं आणखी कडी काढली तर लॉक मनगटाच्या मधोमध बसणार नाही, कडेला जाईल, टोचेल, आणि बघणाऱ्याला लगेच कळेल. काढायची तर काढतो. नाहीतर पट्टा लावा. चेन घामाला चांगली, धुतली की झालं. चामड्याचा पट्टा आपल्या उन्हात वास मारतो, वर्षाला बदलावा लागतो. पण पट्ट्याला भोकं असतात. "सैल झालं की घरीच एक भोक मागं घ्यायचं. माझ्याकडं यायला नको."

बाकीचं सगळं मी एका कानानं ऐकलं. कुणाकडं यायला नको, एवढंच डोक्यात बसलं. मी तपकिरी पट्टा घेतला आणि चेन खिशात टाकली.

घरी बायकोनं विचारलंच. तिची नजर कावळ्यासारखी. म्हटलं, चेनमध्ये साड्यांचे धागे अडकतात, मालक ओरडतात. हे खोटं नव्हतंच की. तीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोलून माणूस एवढं शिकतो, की थाप मारायची तर तिच्यात निम्मं खरं घालायचं.

पुढचा महिना दीड महिना मी त्या पट्ट्याच्या भोकांवर काढला. पहिल्यांदा तिसऱ्या भोकात बसायचा. मग चौथ्यात. मग शेवटच्या. ती भोकं संपली तेव्हा दाभण तापवून मी मोरीत बसून आणखी एक पाडलं. रोज सकाळी आंघोळीला गेलो की उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट डाव्या मनगटाभोवती धरून बघायचो. आधी बोटं जेमतेम टेकायची, आता एकमेकांवर चढत होती. कधी वाटायचं, आज कमी चढली. मग दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. दुकानात पदर खांद्यावर घेताना बाही खाली ओढायची सवय लागली. गिऱ्हाइकाला रंग सांगताना माझा आवाज मलाच लांबून ऐकू यायचा.

तुम्ही म्हणाल, एवढं घाबरत होता तर तपासलं का नाही? अहो, म्हणूनच नाही तपासलं. शुगरला मी भीत नव्हतो. आमच्या दुकानात निम्म्या लोकांना शुगर आहे, चहाच्या वेळी गोळ्या निघतात. शुगर असती तर मी आनंदानं घेतली असती. बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी तलावावर चक्कर, आणि पुढं पंचवीस-तीस वर्षं कटकट करत जगायचं. मला भीती होती ती दुसऱ्या आजाराची, वडिलांच्या. जोवर रक्त दिलं नव्हतं, तोवर दोन्हींपैकी काहीही असू शकत होतं. त्या 'असू शकतं'वर मी दिवस काढत होतो.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

आंघोळीला जाताना घड्याळ देवघराच्या फळीच्या कडेला काढून ठेवायचं, ही माझी जुनी सवय. चेन स्टीलची, त्यामुळं तिथं कधी कुणाची हरकत नव्हती. पण आमच्यात चामडं देवाजवळ चालत नाही. पट्टा लावल्यापासून मी आठवणीनं घड्याळ खिडकीत ठेवायचो. एका सोमवारी दुकानात लवकर जायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, हात आपोआप फळीकडं गेला. बाहेर येऊन बघतो तर बायको देवघरासमोर उभी, हातात माझं घड्याळ.

मी आधीच म्हणालो, "चुकून राहिलं गं. काढ तिथनं."

"म्या त्ये न्हाय इचारत," ती म्हणाली. ती अकलूजकडची आहे, इतकी वर्षं सोलापुरात काढली पण बोली सोडली नाही. "ही काय?"

तिनं पट्टा उलगडून उजेडात धरला होता. चेनचं बरं असतं. कडी काढली की मागं खूण राहत नाही. पट्टा मात्र सगळं लक्षात ठेवतो. जिथं जिथं बक्कल बसलं होतं तिथं तिथं चामड्यावर आडवी काळी घडी पडली होती. मी इतके दिवस तो पट्टा रोज हाताळला आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. तिनं एकेका घडीवर नख ठेवलं.

"हितं हुतं. मग हितं आलं. मग हितं. आन् ह्ये भोक तर तुमीच पाडलंय."

"पूजा कर की तू. घड्याळाची कसली पूजा मांडलीस?" मी आवाज चढवला.

एरवी तिनं दोन सुनावली असती. ती तिथंच पाटावर बसली. बराच वेळ पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुमच्या पँटीचं हूक म्या तीनदा आत घेतल्यात."

मला काही कळेना.

"दिवाळीपासनं. तुमी दुकानात गेला की शिवायची. पँट ढिली लागली तर तुमी घाबरताल म्हणून."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. पँट सैल झाल्याचं मला कधी जाणवलंच नव्हतं, आणि का जाणवलं नव्हतं ते आत्ता कळत होतं. चार-पाच महिने एका घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला तिचा राग आला, मग लाज वाटली, मग इतकं रडू आलं की टॉवेल तोंडाला लावला. ती रडली नाही. म्हणाली, "तुमच्या वडलांचं शेवटचं सगळं मीच केलंय की. मला काय ठाऊक न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो. रिक्षात तिनं माझा हात धरला. हात म्हणजे मनगट, पट्ट्याच्या वर. आणि बोलायला लागली ती थांबेचना. "शुगरच असंल बगा. माज्या भावाला बी असंच झालतं. काटकुळा झाला हुता. मग शुगर निगाली. आता गोळी खातो, शेताव जातो, काय सुदिक हुत न्हाय त्येला." मी हो हो म्हणत होतो. मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं साखरेचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. दुपारी भाताऐवजी ज्वारीची भाकरी वाढली. संध्याकाळी बिनसाखरेचा चहा दिला. कडू जहर होता. मी म्हटलं, "चांगला लागतोय की." ती म्हणाली, "सवय हुतीया." मग बसून पुढचं सगळं ठरवलं, सकाळी किती वाजता चालायला जायचं, दुकानात डबा कसला न्यायचा, आंब्याच्या दिवसांत काय करायचं. कितीतरी दिवसांनी त्या घरात आम्ही मोकळेपणानं बोलत होतो. त्या रात्री मला झोपही लागली.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेलो तेव्हा ती आवरून, डोक्यावर पदर घेऊन आली होती. डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि हसले.

"काका, छान. शुगर एकदम नॉर्मल आहे."

आणि आमच्या तोंडाकडं बघत थांबले. त्या खुर्चीवर बसलेला माणूस हे ऐकून हात जोडत असणार, सुटलो म्हणत असणार. आमचे हात मांडीवरच राहिले. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. त्यांनी पॅड पुढं ओढलं, पेन उघडलं. म्हणाले, वजन एवढं का उतरतंय ते बघायला पाहिजे, सोनोग्राफी करू, दुर्बिणीतून पोटाची तपासणी करू. पोटाची, हे त्यांनी सहज म्हटलं. ते लिहीत होते आणि मी त्यांच्या पेनाकडं बघत होतो.

बायकोनं खुर्ची पुढं सरकवली. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि माझा रिपोर्ट त्यांच्याकडं परत ढकलला.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "परत येकदा बगा की नीट. असंल की थोडी तरी."