खुलाशातला शब्द

आमच्या घरी एक रीत होती. दूध उतू गेलं, गॅस संपत आल्याचं सांगायचं राहिलं, की ज्याचं चुकलं त्यानं ‘माझाच गाढवपणा’ म्हणायचं. एवढं म्हटलं की दुसऱ्यानं गप्प बसायचं. मी पडले संशयी, मला ही रीत कधी पटली नाही. नवरा ते फार पटकन म्हणायचा आणि माझे प्रश्न घशातच राहायचे.

चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हाही दवाखान्यात ते हेच म्हणाले. मी ऐकून घेतलं. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी सुपरवायझर थेरगावच्या आमच्या खोलीवर सफरचंदं घेऊन आला. यांच्या सात वर्षांच्या नोकरीत कधी फिरकला नव्हता मेला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“वहिनी, दादांचा हात चालत नाही, कंपनीला द्यायचा अपघाताचा खुलासा तुम्हीच लिहा. सही ते डाव्या हातानं करतील,” म्हणत त्यानं मोबाइल पुढं केला. मजकूर तयार होता : ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’

हा शब्द आमच्या घरातला नव्हता. गाढवपणा कबूल केला की भांडण मिटतं. निष्काळजीपणा लिहून दिला की नोकरी जाते, एवढं मला कळत होतं. संध्याकाळी देते म्हणून त्याला वाटेला लावलं.

मग यांच्यासमोर बसले. “दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, असं तुम्हीच सांगायचात ना? मग हात आत कसा?”

“एका बटणावर चिकटपट्टी लावून ते दाबून ठेवतो. माल लवकर निघतो.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानंच.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चोर सापडला होता. वही ओढून मी ‘सुपरवायझरच्या सांगण्यावरून’ असं लिहायला घेतलं.

“थांब,” ते म्हणाले. “पुढचंही लिही. शेजारच्या तिन्ही प्रेसवर पट्टी मीच लावलीय. सांगितलं त्यानं, पण हात माझे होते. अजून कुणी काढली नसंल.”

पावणेतीन वाजले होते. तीनला दुसरी शिफ्ट लागते. मी वही बाजूला टाकली आणि फोन त्यांच्या हातात दिला. डाव्या हाताला शेजारच्या प्रेसवरच्या माणसाचा नंबर लागेना. मी लावून दिला.